आजचं चिंतन : झाडासारखं सोसायचं म्हणजे काय?



आज श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय २२. उन्हाचा कडाका आहे. गाई चारता चारता सगळे लांब आलेत. कृष्ण सवंगड्यांना झाडं दाखवतो आणि म्हणतो, यांचं जगणं बघा. वारा, पाऊस, ऊन, थंडी स्वतः सोसतात आणि आपल्याला जपतात. यांच्याकडून कुणीच रिकाम्या हाती परत जात नाही.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं मित्र सॅन फ्रान्सिस्कोहून हायवे १०१ ने उत्तरेला गेलो. तिथे हम्बोल्ट भागात ‘अ‍ॅव्हेन्यू ऑफ द जायंट्स’ हा सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता रेडवूडच्या जंगलातून जातो. काही झाडं १०० मीटरहून उंच. या जातीची झाडं २००० वर्षांहून जास्त जगू शकतात. काहींचे बुंधे आगीने पोखरलेत, आत माणूस उभा राहील एवढे, तरी शेंडा हिरवागार! उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच. तेव्हा समुद्रावरचं धुकं पानांवर जमतं आणि थेंब थेंब खाली गळतं. ते पाणी खालच्या नेच्यांनाही मिळतं.

आणि मुळं? जेमतेम दोन ते चार मीटर खोल. पण ती आडवी लांबवर पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात.

त्या रात्री एक मित्र हळूच बोलला. नोकरी जाऊन दोन आठवडे झाले होते. व्हिसाचे ६० दिवस तो एकटाच मोजत होता. आईबाबांना नाही, सत्संगात नाही, कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणाला, “झाडासारखं सोसायचं असतं ना रे?”

आता अध्याय २३ उघडा. झाडांचं कौतुक झालं, आणि लगेच सवंगड्यांना भूक लागते. कृष्ण चमत्काराने ताट वाढत नाही. तो त्यांना यज्ञ करणाऱ्या ब्राह्मणांकडे मागायला पाठवतो. तिथे दाद मिळत नाही, तर म्हणतो, आता त्यांच्या पत्नींकडे जा. त्या अन्न घेऊन धावत येतात.

म्हणजे जो देव द्यायला शिकवतो, तोच मागायलाही शिकवतो. एका दारी नकार आला तर दुसऱ्या दारी पाठवतो. आणि त्या माऊलींना सेवा घडली ती कुणीतरी मागितलं म्हणूनच ना!

मित्राला अजून नोकरी मिळालेली नाही. पण घरी कळलंय, आणि सत्संगातल्या दोघांनी त्याचा रेझ्युमे पुढे पाठवलाय. दिवस मोजायला आता आम्ही सगळे आहोत.

आजची साधना : जे एकट्याने सोसताय, ते आज एका माणसाला सांगा. नामस्मरणाआधी तो फोन करा.

राम कृष्ण हरी 🙏