नाही म्हणणारी पत्रं

सकाळी नळ कोरडा निघाला की मी जिन्यात जाऊन विचारते, "तुमच्याकडे आलं का पाणी?" वरच्या काकू म्हणतात, नाही. खाली आलेलं असतं. त्यांच्या "नाही"मुळेच मला कळतं की बिघाड माझ्या घरातला नाही.

अशा वेळी डेनिस बर्किट आठवतात. युगांडात, कंपालाच्या मुलागो रुग्णालयात ते शल्यचिकित्सक होते. १९५७ साली त्यांनी एक मूल पाहिलं. वरच्या-खालच्या जबड्याला, दोन्हीकडे गाठी. मग तशीच आणखी मुलं दिसू लागली. त्यांनी छायाचित्रांची पत्रकं छापली आणि आफ्रिकाभरच्या सरकारी आणि मिशनच्या दवाखान्यांना धाडली. विचारणा साधी होती. असं मूल तुमच्याकडे आलंय का?

उत्तरं येत गेली. नकाशावर विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना एक पट्टा उमटला.

माझं मन मात्र "नाही" लिहिणाऱ्यांपाशी रेंगाळतं. दिवसभर रुग्ण तपासून दमलेला कुणी डॉक्टर. सांगण्यासारखं काही नाही. तरी कागद घ्यायचा, दोन ओळी लिहायच्या, पाकीट बंद करायचं. नकाशावर खूण "हो"ची होते. पट्ट्याची कड "नाही" आखतं.

ती कड बघायला बर्किट १९६१ साली दोन सहकाऱ्यांसह जुन्या मोटारीतून निघाले. दहा आठवडे, सुमारे १६,००० किलोमीटर. दवाखान्यामागून दवाखाना, तोच प्रश्न. उंचावरच्या थंड गावांत कर्करोगाच्या गाठींचा हा आजार नव्हता. विषुववृत्तापासून दूर जावं तशी ती उंचीची मर्यादा खाली उतरत होती. म्हणजे खरी गोष्ट उंचीची नव्हती, उबेची आणि ओलीची होती. डासांच्या मुलखाची होती. पुढे मलेरियाशी नातं जुळलं ते इथूनच.

त्याच वर्षी लंडनमधलं त्यांचं व्याख्यान अँथनी एप्स्टाइन यांनी ऐकलं. मग कंपालाहून गाठींचे नमुने विमानानं लंडनला जाऊ लागले. १९६४ साली त्या गाठींच्या पेशींत एक विषाणू दिसला. माणसातल्या कर्करोगाशी नातं सांगणारा तो पहिलाच विषाणू.

त्याला नावं मिळाली, एप्स्टाइन आणि त्यांच्या सहकारी बार यांची. आजाराला बर्किट यांचं. "आमच्याकडे नाही" असं कळवणाऱ्यांची नावं कुठेच लागली नाहीत. त्यांनी मात्र उत्तर लिहिलं होतं.

जिन्यातून हाक येते, "आलं का हो?"

मी नळ पुन्हा सोडून बघते. मग दारात जाऊन सांगते, "नाही अजून."