ऐकू आले नाही, म्हणून नाही का?

एखादी गोष्ट दिसली नाही, ऐकू आली नाही, एवढ्यावरून ती नाहीच असे म्हणता येते का, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. कुमारिल भट्टाची मीमांसा आणि अद्वैत वेदान्त अभावाच्या ज्ञानासाठी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिकांच्या मते अभाव प्रत्यक्षानेच कळतो. बौद्ध तार्किक धर्मकीर्ती हे ज्ञान अनुमानात बसवतो. या वादातून हाती लागलेली मोलाची गोष्ट म्हणजे योग्यतेची अट. वस्तू असती तर ती कळलीच असती, अशी परिस्थिती आधी असली पाहिजे. अंधारात घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असे ठरत नाही.

मुंबई-गोवा महामार्गावरच्या कणकवलीत दुरुस्तीला आलेल्या ट्रकसमोरही हाच प्रश्न उभा राहतो. आजच्या ट्रकमध्ये इंजिन, ब्रेक, धूरशुद्धी आणि मीटर यांचे वेगवेगळे कंप्यूटर असतात. पीळ घातलेल्या दोन तारांवरून ते एकमेकांना ठरावीक वेळाने संदेश पाठवतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेली ही ‘कॅन’ पद्धत. अवजड वाहनांत ती ‘जे१९३९’ या मानकाने चालते. इंजिनाचा संदेश वेळेत आला नाही की मीटर दोषाचा कोड नोंदवतो आणि स्कॅनरवर ‘इंजिन कंप्यूटरशी संपर्क नाही’ असे उमटते.

हा कोड म्हणजे शब्दप्रमाण, एका कंप्यूटरने दुसऱ्याविषयी दिलेली साक्ष. साक्षीदार खोटे बोलत नाही, पण त्याला ठाऊक आहे ते फक्त आपल्याला ऐकू न आल्याचे. बोलणाऱ्याचा फ्यूज किंवा अर्थिंग गेले असेल, वाटेत तार तुटली असेल, किंवा ऐकणाराच बहिरा झाला असेल. आणखी एक शक्यता फार विचार करायला लावणारी आहे. पाठवताना होणाऱ्या चुकांची मोजणी २५५ च्या पुढे गेली की कॅनच्या नियमाप्रमाणे कंप्यूटर स्वतःहून गप्प बसतो, म्हणजे खराब तारेपायी धडधाकट कंप्यूटरही मुका होतो. म्हणून साक्षी ताडून पाहाव्या लागतात. सगळे एकाचीच तक्रार करत असतील तर संशय त्या एकावर, त्याच्या वीजपुरवठ्यावर किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या तारेवर. एकटाच सगळ्यांची तक्रार करत असेल तर संशय तक्रार करणाऱ्यावर.

योग्यतेची अट इथे मल्टिमीटरने तपासता येते. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, त्यामुळे बॅटरी सोडवून दोन तारांमध्ये मोजले की सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक सुटले आहे; शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. कोकणात मात्र हे एकदाच मोजून भागत नाही. मालवणकडचा खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि फोंडा घाटातले हादरे यांनी कपलरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. चढणीवर संपर्क तुटतो आणि गॅरेजच्या सपाट जागेवर मोजमाप अगदी बरोबर येते. तेव्हा इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर नजर ठेवत हार्नेस (तारांची जुडी) हलवत राहावे लागते.

ज्ञान खरे होते हे कशावरून समजावे? नैयायिकांचे उत्तर आहे, त्यावरून केलेली कृती सफल झाली यावरून. या कसोटीचा धोका इथेच दिसतो. नवा, महागडा कंप्यूटर बसवताना कपलर काढून घातला जातो, पिना घासल्या जातात आणि ट्रक सुरू होतो. कृती सफल होते, पण निदान चुकीचे असू शकते; काही दिवसांनी तोच कोड परत येतो. तिथे व्यतिरेकाची, म्हणजे कारण काढले की कार्यही जाते का या तपासणीची, जोड हवी: जुना कंप्यूटर त्याच कपलरला पुन्हा जोडून पाहायचा. तरीही ट्रक चालला, तर दोष कंप्यूटरमध्ये होता असे म्हणायला आधार उरत नाही. ट्रकमालकाकडून नव्या कंप्यूटरचे पैसे घेण्याआधी ही चाचणी झालीच पाहिजे.