म्हातारपणाची काठी

आमच्या शब्बाथशाळेच्या मोठ्या वर्गात गेल्या पावसाळ्यात दहा आज्ञांचा अभ्यास चालू होता. मोठा वर्ग म्हणजे वयाने मोठा. मुले एकंदर पाच. पाचव्या आज्ञेचा रविवार आला, तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे सांगत गेलो की आईबापांचे ऐकावे, उलट बोलू नये, घरकामात हात लावावा. इतक्यात अकरावीत शिकणारी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, मी एकुलती एक आहे. बाबा म्हणतात, बारावीनंतर कॅनडाला जा, आम्ही कर्ज काढतो. मी गेले तर म्हातारपणी त्यांना कोण बघणार? म्हणजे आज्ञा मोडली. आणि नाही गेले तर बाबांचं ऐकलं नाही, म्हणून पुन्हा तीच आज्ञा मोडली. मग मी काय करू?"

वेळ झाली होती, घंटा वाजली, आणि आम्ही सुटलो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना अशा घंटेचे मोल ठाऊक आहे. परंतु प्रश्न घरी आमच्याबरोबर आला, आणि पुष्कळ महिने झाले तरी तो गेलेला नाही.

हा प्रश्न एका मुलीचा नाही. जगातील एक मोठे औद्योगिक राष्ट्र, जपान, आज याच प्रश्नाने ग्रासले आहे. महायुद्धानंतर १९४९ साली तेथे सुमारे २७ लाख बालके जन्मली. २०२४ साली जन्मली ती सात लाखांहूनही कमी. लोकसंख्या २००८ च्या सुमारास पावणेतेरा कोटींच्या वर होती, तेव्हापासून ती घटत आहे. दर दहा माणसांत जवळजवळ तिघे पासष्टी ओलांडलेले आहेत. २०२३ च्या पाहणीत नव्वद लाख घरे रिकामी आढळली. एका मोठ्या कागद कंपनीने तर २०२४ मध्ये देशातील तान्ह्या मुलांसाठी डायपर बनविणे थांबविले आणि मोठ्या माणसांच्या डायपरांकडे लक्ष वळविले. शंभरी गाठणाऱ्यास तेथील सरकार १९६३ पासून चांदीचा पेला देत असे. त्या वर्षी असे दीडशेच लोक होते. पुढे संख्या इतकी वाढली की २०१६ पासून पेल्यास केवळ चांदीचा मुलामा देण्यात येऊ लागला. आज तेथे शंभरी ओलांडलेले नव्वद हजारांहून अधिक आहेत.

वाचक म्हणतील, जपानचे जपानला. आमच्याकडे तर गर्दी मावत नाही. गर्दी आहे, हे खरे. तथापि २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहावेत. पिढीच्या जागी पिढी उभी राहण्यास दर स्त्रीमागे सरासरी २.१ अपत्ये लागतात. भारताची सरासरी २ वर आली आहे, गुजरातची १.९ आणि महाराष्ट्राची १.७. म्हणजे वडोद्यातले मराठी कुटुंब कोणत्याही बाजूने मोजले तरी उतरणीवरच आहे. आम्हांस त्यासाठी आकड्यांची गरज पडली नाही. नाताळच्या कार्यक्रमात मेंढपाळ कमी पडले, आणि भगिनी मंडळाच्या एका बासष्ट वर्षांच्या सभासदाने डोक्याला टॉवेल बांधून मेंढपाळाचे काम केले. काम उत्तम झाले, टाळ्याही पडल्या, पण पाळकसाहेब बराच वेळ खाली पाहत होते.

या विषयावर आता बोलणारे पुष्कळ झाले आहेत. आमच्या तरुणपणी भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण होता. जास्त मुले असणे हा देशद्रोह असल्यासारखे बोलले जाई, आणि आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ऐंशी लाखांहून अधिक माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या कित्येक बळजबरीने. आता वारा फिरला. आंध्र प्रदेशाने २०२४ साली, दोनपेक्षा अधिक मुले असलेल्यांना स्थानिक निवडणुका लढविण्यास असलेली बंदी उठविली, आणि अधिक मुले होऊ द्या असे तेथील मुख्यमंत्रीच सांगू लागले. काल जे खाणारे तोंड होते ते आज राबणारे हात झाले! आम्हांस दोन्ही बोलणी एकाच माळेतली वाटतात. दोन्हींत मूल कोणाच्या तरी गरजेसाठी यावे किंवा येऊ नये, असाच हिशेब आहे. आणि मूल म्हणजे म्हातारपणाची काठी, असे आपण घरात म्हणतो, तेव्हा आपणही तोच हिशेब लहान वहीत मांडतो. काठी झाडाची तोडून आणतात. ती कोठे जाणार हे तिला विचारीत नाहीत.

आता आमच्याविषयी. आम्ही वडोद्याच्या उत्तरेस समा भागात राहतो. एकेकाळी हे गावच होते. आज टेनामेंट, फ्लॅट, दुकाने आणि परदेशी जाण्यासाठी इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करून घेणारे क्लास यांनी भरलेले आहे. गायकवाडांच्या काळापासून या शहरात मराठी माणूस आहे, पण आमच्यासारखे अनेक आले ते कारखान्यांमागून. खत कारखाना साठच्या दशकातला, कोयलीची रिफायनरी १९६५ ची, पेट्रोकेमिकल्सची कंपनी १९६९ ची. आम्ही १९७८ साली नगर जिल्ह्यातून आलो तेव्हा आई एस.टी. स्टँडपर्यंत आली होती. तिच्या म्हातारपणाचा विचार आम्ही केला होता काय? खरे सांगायचे तर नव्हता केला. आम्ही पाच भावंडे. धाकटा भाऊ गावी राहिला, त्याच्या बायकोने आईचे सारे केले, आम्ही मनिऑर्डर पाठविली आणि पाचवी आज्ञा पाळली असे समजलो. आमच्या मुलांमागे मात्र धाकटा भाऊ नाही. तो आम्हीच होऊ दिला नाही, आणि त्याबद्दल आम्हांस दोष देता येणार नाही. दोघांना शिकविता शिकविता कंबर मोडली. पण मुले दूर गेली म्हणून आज जे उसासे टाकतात, त्यांत व्हिसा मिळावा म्हणून प्रार्थनासभेत विनंती देणारेही आम्हीच होतो.

म्हाताऱ्यांनी मुलांकडे जावे, हा एक उपाय सांगतात. पुष्कळजण जाऊनही येतात. याबाबतीत पवित्र शास्त्रातील एका म्हाताऱ्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. दावीद राजा अबशालोमापुढून पळाला असता गिलादातल्या बर्जिल्लयाने त्यास अन्न पुरविले. राजा परतताना म्हणाला, माझ्याबरोबर यरुशलेमेस चल, मी तुला सांभाळीन. बर्जिल्लय तेव्हा ऐंशी वर्षांचा होता. आता जिभेला चव राहिली नाही, गाणाऱ्यांचे गाणे ऐकू येत नाही, मी तुम्हांला भार होईन. मला माझ्या गावी, आईबापांच्या कबरेजवळ मरू द्या, असे त्याने सांगितले. मात्र किम्हाम, जो बहुधा त्याचा मुलगाच होता, त्याला त्याने राजाबरोबर पाठविले. म्हातारा मागे राहिला आणि तरुण पुढे गेला, दोघांच्या राजीखुशीने. हा अध्याय २ शमुवेलचा एकोणिसावा. परदेशातून दोन महिन्यांत परत आलेल्या कोणाही आजोबांना तो वाचून दाखवावा, ते मान डोलावतील.

तेव्हा दूर जाणे हेच पाप, असे आम्हांस म्हणता येत नाही. मग पाप कोठे आहे? याचे उत्तर आम्हांस पुस्तकात मिळण्यापूर्वी पाण्यात मिळाले.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या सुमारास, विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून गेली. समा, फतेहगंज, अकोटा अशा अनेक भागांत पाणी शिरले आणि मगरी वस्तीत आल्या. वीज बंद, फोन बंद. आम्ही दुसऱ्या मजल्यावर सुरक्षित होतो. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, तळमजल्याच्या टेनामेंटमध्ये आमच्या मंडळीतील एक वृद्ध भगिनी एकट्या राहतात. पूर्वी शाळेत शिकवीत, म्हणून सारे त्यांना बाई म्हणतात. त्यांचा मुलगा टोरांटोत असतो. पाणी चढले त्या रात्री आम्हांस त्यांची आठवण झाली का? झाली. ही गोष्ट लिहिताना हात जड होतो, पण झाली होती. अंधार आहे, पाण्यात मगरी आहेत, कोणीतरी बघितले असेल, असे आम्ही एकमेकांस म्हटले आणि प्रार्थना करून झोपलो.

मुलगा तिकडे रात्रभर फोन लावीत होता. शेवटी त्याचा निरोप पुण्यातल्या एका मित्राकडून पाळकसाहेबांस आणि त्यांच्याकडून आम्हांस पोहोचला, तेव्हा तिसरा दिवस होता. गुडघाभर पाण्यातून आम्ही गेलो. बाई शेजारच्या गुजराती कुटुंबाच्या वरच्या खोलीत गादीवर बसल्या होत्या. पहिल्याच रात्री त्या घरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने दार ठोठावून, "बा, चालो," म्हणत त्यांना पाठीवर घेऊन जिना चढविला होता. दोन दिवस त्यांच्याच घरची खिचडी. आम्हांस पाहून बाईंनी पहिले काय विचारले? "तुमच्या साखरेच्या गोळ्या भिजल्या नाहीत ना?"

आम्ही चाळीस वर्षे शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा धडा शिकवीत आलो आहोत. तो मुलगा आमच्या वर्गात कधी आलेला नाही.

त्यानंतर आम्ही पाचवी आज्ञा पुन्हा वाचली, आणि लाज वाटली की इतकी वर्षे ती लहान मुलांना धाक घालण्यासाठीच वापरली. सीनाय पर्वतापाशी ती ऐकणारे मोठे बाप्ये होते. ज्यांचे आईबाप रानातून चालताना थकत होते, मागे राहत होते, अशांना ती दिलेली आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आपला प्रभू कोणावर रागावला आहे तेही पाहावे. आईबापांना जे द्यायचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असे म्हणून हात झटकणाऱ्या भाविक मुलांवर! आजचा कुर्बान निराळा असेल. महिन्याला पैसे पाठविले, कॅमेरा बसविला, बाई ठेवली, आणि त्या सर्वांच्या आड स्वतः मोकळे झाले, हा एक. आणि मंडळीचा कुर्बान असा की आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करतो.

पण योहानकृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात दुसरी गोष्ट आहे. वधस्तंभावरून प्रभूने आपल्या आईला त्या प्रिय शिष्याच्या हाती दिले, आणि शिष्याला तिच्या. त्याला भाऊ होते. त्यांची नावे मार्क देतो. तरी त्याने जवळ उभा असलेला माणूस निवडला. तो स्वतः तिच्यापाशी राहू शकत नव्हता. आपले काम सोडून तो खाली उतरला नाही, आणि तिला विसरलाही नाही. त्याने माणसाच्या हाती माणूस दिला. आणि शिष्याने 'बघू' म्हटले नाही, तो तिला त्याच घडीपासून घरी घेऊन गेला. दूर जाणाऱ्याचे कर्तव्य कोणते आणि जवळ राहणाऱ्याचे कोणते, हे दोन्ही येथे आहे असे आम्हांस वाटते.

यावर आमचे एक वडीलबंधू म्हणाले की असे केले तर मुले आणखी बेफिकीर होतील. आक्षेप खोटा नाही. प्रेषित पौलानेही तीमथ्यास लिहिले आहे की ज्या विधवेला मुले-नातवंडे आहेत तिची जबाबदारी आधी त्यांची, मंडळीवर भार नको. देशाच्या २००७ सालच्या कायद्यानेही आईबाप मुलांकडून पोटगी मागू शकतात. पण कायदा पोटगी आणील. रात्री पाणी चढले तर जिन्यावर नेणार नाही. जपानात म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेसाठी २००० सालापासून विमा आहे, चाळिशीपासून प्रत्येकजण त्याचा हप्ता भरतो, आणि तरीही २०२४ साली पोलिसांच्या मोजणीप्रमाणे सुमारे ७६ हजार माणसे घरात एकटी असताना मेलेली आढळली. त्यांतील बहुतेक वृद्ध होती. त्याच देशात दोन लाखांहून अधिक माणसे सरकारी नेमणुकीने, पण बिनपगारी, आपल्या वस्तीतील म्हाताऱ्यांची दारे ठोठावीत फिरतात. ती पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. अडचण इतकीच की दारे ठोठावणारेही आता म्हातारे झाले आहेत.

आमच्या मंडळीत सध्या एक वही केली आहे. समा, निझामपुरा आणि छाणी या भागांत एकटी किंवा दोघेच राहणारी वृद्ध माणसे, त्यांच्या मुलांचे फोन, शेजाऱ्यांचे फोन, कोणत्या मजल्यावर राहतात, औषधे कोणती. शेजाऱ्याचे नाव कोणत्या धर्माचे आहे हे पाहिलेले नाही. परदेशी जाणाऱ्या मुलाने निघण्यापूर्वी ज्याच्या हाती आईबाप द्यायचे त्याला घरी बोलावून, त्यांच्यासमोर तसे बोलावे, असेही ठरले. आतापर्यंत दोघांनी केले. एक रडला. वही आमच्याकडे असते. दर बुधवारी बाईंकडे जावयाचे असते, आणि चारच्या आत जाऊ नका, झोपेची वेळ असते, असा त्यांचा निरोप आहे.

त्या मुलीला मात्र आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. वर्गात सर्वांसमोर द्यावे की तिच्या वडिलांना बसवून द्यावे, हे ठरत नाही. येत्या जूनमध्ये ती बारावीला जाईल.