चामड्याला वाफसा येईपर्यंत

अवजाराला लगेच हात लावायचा नाही. पुढ्यात चामड्याची एक पट्टी ठेवा, दीड इंच रुंद, साडेतीन मिलिमीटर जाड, आणि तिच्याजवळ नुसते बसा. कमरेच्या पट्ट्यावर नक्षी काढायला शिकायचं, तर सुरुवात अशीच हवी. पाठ ताठ असू द्या, खांदे सैल, श्वास आपल्या गतीनं.

आता पट्टीवरून बोट फिरवा. एक बाजू गुळगुळीत लागेल, दुसरी तंतुमय. गुळगुळीत बाजूवर बारीक रंध्रं दिसतील. एखाद्या ठिकाणी काट्यानं ओरखडलेली रेघ असेल, कुठं गोचिडाची खूण असेल. हे जनावर कुठल्या तरी शिवारात चरलं, पाण्यावर गेलं, उन्हात उभं राहिलं. त्याच्या आयुष्याच्या खुणा तुमच्या नक्षीच्या आधी या पट्टीवर उमटल्या आहेत. त्या पुसायची घाई नको. थोडा वेळ त्यांच्याकडे पाहा.

पट्टी नाकाजवळ न्या. तुरट, मातकट वास येईल. हा झाडाच्या सालीचा वास आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं मुरवण्याची आपली जुनी पद्धत. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच तयार होतं. सालीतलं टॅनिन कातड्याच्या तंतूंत शिरतं, म्हणून ते कुजत नाही. आणि ओलं करून दाबलं, तर वाळल्यावरही दाब धरून ठेवतं. बाजारातल्या बहुतेक बुटा-पाकिटांचं चामडं क्रोमनं कमावलेलं असतं. ते मऊ असतं, पण दाबलं तरी पुन्हा वर येतं, त्यावर नक्षी टिकत नाही. आपल्या यावल तालुक्यातल्या शेतांच्या बांधावर उभी असलेली बाभूळ आठवा. काटेरी, बिनमोलाची वाटणारी. तिच्या सालीत ही ताकद आहे.

डोळे मिटा आणि पोळ्याचा दिवस मनात आणा. सातपुड्याच्या पायथ्याशी श्रावण अमावास्येची ओली सकाळ. आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावून झालं आहे. शिंगं रंगली, अंगावर झूल चढली, आणि गळ्यात घुंगरांचा चामडी पट्टा बांधला. आपल्या भागात पट्ट्याची शोभा अशी आधी बैलाच्या गळ्यात दिसते. वर्षभर राबणाऱ्या जिवाला एक दिवस सजवायचं, म्हणून कुणीतरी बसून चामडं कापलं, भोकं पाडली, एकेक घुंगरू ओवलं. तो बैल चालताना होणारा नाद मनात ऐका. नक्षी कशासाठी करायची, हा प्रश्न पडला की या पट्ट्याकडे पाहावं. ज्याच्यावर माया आहे, त्याच्या अंगावरची वस्तू आपण सजवतो.

आता डोळे उघडा. ओल्या स्पंजानं पट्टीची गुळगुळीत बाजू सारखी भिजवा. रंग एकदम गडद होईल. इथं थांबायचं आहे.

हे थांबणं शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात लगेच कुणी तिफण घालत नाही. चिखलात पाय रुततो, वाळून गेलं तर ढेकूळ फुटत नाही. वाफसा आला की पेरणी. चामड्यालाही असाच वाफसा यावा लागतो. फार ओलं असताना ठसा मारला, तर कडा सुजल्यासारख्या होतात आणि रेघ विरघळते. फार कोरडं असलं, तर ठसा उमटतच नाही. गडद झालेला रंग हळूहळू मूळ रंगाकडे परतू लागतो. पट्टी गालाला लावली तर अजून गार लागते. रंग परतला आहे आणि गारवा आहे, ही कामाची वेळ.

तोवर काय करायचं? काहीच नाही. पट्टीकडे पाहत बसायचं. पंख्याखाली ठेवून घाई केली, तर वरचा पापुद्रा वाळतो आणि आतली ओल तशीच राहते. मन दुसरीकडे जाईल, जाऊ द्या. परत आलं की पट्टी गालाला लावा.

एक सावधगिरी मात्र घ्या. ओल्या चामड्याजवळ साधं लोखंड ठेवू नका. सालीतलं टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा डाग पडतो, आणि तो सहजी जात नाही. याच गुणाचा उपयोग करून हिराकसानं चामडं मुद्दाम काळंही करतात. जाणीवपूर्वक केलं तर रंग, बेसावधपणे झालं तर डाग.

आता पहिली रेघ. केळीचं पान काढू या. यावल-रावेरच्या माणसाला ते डोळे मिटूनही दिसतं. मधला दांडा, आणि त्यापासून कडेकडे निघालेल्या जवळजवळ समांतर शिरा. फिरत्या पात्याची सुरी उभी धरा आणि दांड्याची, मग पानाच्या कडेची रेघ ओढा, जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच खोल. रेघेला रेघ छेदू देऊ नका; जिथं भेटायचं, तिथं केसभर आधी थांबा. नक्षीत चिरणं एवढंच. बाकीचं सगळं काम दाबण्याचं आहे.

पट्टी ग्रॅनाइटच्या तुकड्यावर ठेवा. उताराचा ठसा कडेच्या रेघेच्या बाहेरच्या बाजूला टेकवा आणि वरून लाकडी मोगरीनं हलका ठोका द्या. ठसा अर्धा सरकवा, पुन्हा ठोका. ठोक्याची ताकद सारखी, अंतर सारखं. रेघेची एक बाजू खाली बसत जाते, दुसरी आपोआप उठून दिसते. ओल नेमकी असेल, तर दाबलेली जागा गडद तपकिरी होते, आणि पान जमिनीवरून उचलल्यासारखं वर येतं. नीट पाहा: पानावर आपण एकही ठोका दिला नाही. भोवतालची जागा खाली बसवली, एवढंच. मग दाणेदार ठशानं ती जागा भरून घ्या. पानाला उठाव येतो, तो या रिकाम्या जागेवरच्या शेकडो ठोक्यांमुळे. पाहणारा ते ठोके मोजणार नाही. तुम्ही मात्र त्यातला प्रत्येक मनापासून द्या.

ठोके चालू असताना फैजपूरचा विचार करा. आपल्या यावल तालुक्यातलंच गाव. डिसेंबर 1936 मध्ये तिथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. मंडप आणि कमानी सजवल्या शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी, इथलेच बांबू आणि इथलेच कारागीर घेऊन. त्याच शांतिनिकेतनात चामड्यावरच्या नक्षीचं काम रुजलं, आणि त्याला आज भौगोलिक मानांकन आहे. आपल्या मातीतलं साधं सामान आणि आपल्या माणसांचे हात सौंदर्याला पुरेसे आहेत, हे फैजपूरनं देशाला दाखवलं. जुन्या गॅझेटियरमध्ये यावलचं नाव हातकागदासाठी आणि निळीसाठी येतं. ते दोन्ही उद्योग गेले. शिकणारे हात थांबले की विद्या अशीच जाते.

आणि आता सर्वांत जड गोष्ट मनात धरा. चामड्याचं काम आपल्या समाजानं काही जातींवर लादलं, त्यांच्या कौशल्यावर आपण जगलो आणि त्यांनाच दूर ठेवलं. 1927 मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरं ओढणं सोडण्याचं आवाहन केलं, ते माणुसकीच्या हक्कासाठी. ज्यांनी हे काम सोडलं, त्यांचं सोडणं न्याय्य होतं. आज कुणी आवडीनं हे चामडं हातात घेत असेल, तर त्यानं हा इतिहास बाजूला ठेवून ते घेऊ नये. आपल्याला जे छंद म्हणून मिळतं आहे, त्याची किंमत दुसऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अपमानानं मोजली आहे. या वाक्यापाशी थोडं थांबा. मोगरी खाली ठेवा.

शेवटचं काम कडांचं. कड थोडी ओली करून लाकडाच्या गुळगुळीत दांडीनं घोटा. तंतू मिटत जातात, चकाकी येते. वरून मेणाचा हात. माप घ्यायचं ते बक्कलच्या वळणापासून रोजच्या भोकापर्यंत. भोकं पाच, एकेक इंचावर, आणि मधलं भोक नेहमीच्या मापाचं. वजन वाढो की घटो, पट्टा माणसाबरोबर राहतो.

पट्टा पुरा झाल्यावर एक करा. यावल, फैजपूर, भुसावळ, जिथं असाल तिथं रस्त्याकडेला आरी-रापी घेऊन बसलेल्या कारागिराकडे तो घेऊन जा. रापी कशी धरायची, धार कशी लावायची, हे त्याला विचारा, तो सांगेल ते लक्ष देऊन शिका. आणि कुठल्याही शिक्षकाला द्याल तशी शिकवणीची फी त्याच्या हातावर ठेवा.