अंगठ्याचा ठसा कोणाचा?

"ज्यानें कांहीं अपराध केला नाहीं, त्यानें आपल्या बोटांचे ठसे देण्यास कां भ्यावें?" हा प्रश्न खेडोपाडीं आम्हांस पुष्कळदां विचारण्यांत येतो. प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या पोटीं नीतीचा मोठा विचार आहे. म्हणून वाचकांचें लक्ष आज त्याकडे वेधण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अंगठा देणें आपल्या लोकांस नवें नाहीं. सावकाराच्या खतावर अंगठा उमटवून ज्यांच्या वाडवडिलांचीं शेतें गेलीं, त्यांस त्याची किंमत सांगावयास नको. १८५८ सालीं बंगालांतील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल नामक अधिकाऱ्यानें एका ठेकेदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, तो अशासाठीं कीं त्यानें पुढें शब्द फिरवूं नये. म्हणजे ठशाच्या मुळाशीं अविश्वास होता.

पुढें काळ पालटला. २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. दहा बोटें, दोन्ही बुबुळें व चेहरा यांची नोंद ठेवावी, म्हणजे गरिबाच्या नांवचें धान्य दुसरा उचलणार नाहीं, हा त्यांतील हेतु होता. आणि हेतु चांगला आहे हें आम्ही मान्य करितों.

तथापि आमच्या ओळखीच्या एका वृद्ध बाईची गोष्ट ऐका. जन्मभर दुसऱ्यांचीं शेतें खुरपून तिच्या बोटांच्या रेघा झिजून गेल्या होत्या. धान्याच्या दुकानीं यंत्रानें तीन वेळां तिचें बोट नाकारलें, व ती रिकामी पिशवी घेऊन परतली. ती आम्हांस म्हणाली, "मी मीच हाय, हें आतां कोन सांगल?" ज्या कष्टांनीं तिनें लोकांस अन्न दिलें, त्याच कष्टांनीं तिचें अन्न अडविलें! यंत्रानें माणसाची सेवा करावी. माणसाच्या खरेपणाचा निवाडा करूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. न्हाणीस आडोसा बांधणारी गृहिणी कांहीं अपराध लपवीत नसते. ती आपली अब्रू राखते. शिवाय किल्ली चोरीस गेली तर कुलूप बदलतां येतें. पण बोटाचा ठसा चोरीस गेला तर नवें बोट कोठून आणावें? म्हणून ठसा ज्याच्या हातीं दिला, तो त्याचा धनी नव्हे. ती त्याजकडे ठेविलेली ठेव होय. ठेव ज्या कामासाठीं ठेविली त्याहून दुसऱ्या कामीं लावणें, हा विश्वासघात आहे.

न्यायालयाचा विचारही याच दिशेचा दिसतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें ठरविलें कीं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २६ सप्टेंबर २०१८ रोजीं पांचांपैकीं चौघांनीं आधारचा कायदा बहुतांशीं कायम ठेविला. परंतु खासगी कंपन्यांस दिलेली मोकळीक रद्द केली. २०१९ च्या दुरुस्तीनें बँका व दूरध्वनी कंपन्यांस ग्राहकाच्या खुशीनें आधार वापरण्याची मुभा मिळाली. पुढें २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत झाला. त्याप्रमाणें संमति मोकळ्या मनाची व समजून दिलेली असावी लागते. मात्र सरकारास त्यांत बऱ्याच सवलती आहेत, हेंही विसरूं नये.

परंतु ज्यास विचारण्याचें धैर्य नाहीं, त्यास कायदा काय उपयोगी? यास्तव बोट ठेवण्यापूर्वीं, "हें कशासाठीं?" असें नम्रपणें पण स्पष्टपणें विचारा. आधारचे ठसे कुलूपबंद ठेवण्याची सोय आहे, तिचा लाभ घ्या. आणि जे शिक्षक व उपदेशक शेजाऱ्यांचे अर्ज भरून देतात, त्यांनीं दुसऱ्याच्या कार्डाची प्रत कोठेंही टाकून देऊं नये. तसेंच एखाद्याचें बोट जुळलें नाहीं, तर त्याजबरोबर दुकानापर्यंत जावें व दुसऱ्या मार्गानें ओळख पटवून घेण्याचा आग्रह धरावा. त्या बाईच्या प्रश्नाचें उत्तर यंत्रापाशीं नव्हतें. तें तिच्या शेजाऱ्यांपाशीं होतें.