पिशवी कोणाची?

काही प्रश्न सभ्य माणसांच्या बैठकीत निघत नाहीत, आणि निघत नाहीत म्हणूनच ते सुटतही नाहीत. मूत्रविसर्जनासाठी नळी लावावी लागलेल्या माणसाने त्या नळीला जोडायची पिशवी कशी निवडावी आणि कशी वागवावी, हा त्यांपैकी एक. निबंधाला वाहिलेल्या या पानांत असा विषय यावा हे काही वाचकांना खटकेल. तथापि हा विषय जितका वैद्यकाचा आहे तितकाच नीतीचाही आहे, असे माझ्या काकांच्या आजारपणाने मला शिकवले.

काका हैदराबादेत मराठीचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर इसामिया बाजारातील साहित्यिक बैठका हा त्यांच्या आठवड्याचा केंद्रबिंदू होता. ऐंशीच्या घरात आल्यावर प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी अडली. हृदय दुबळे असल्याने शस्त्रक्रिया नको, असे ठरले आणि नळी कायमची आली. या नळीला आपण 'फोली' म्हणतो. फ्रेडरिक फोली या अमेरिकन शल्यविशारदाचे हे नाव. नळीच्या टोकाशी असलेला फुगा मूत्राशयात पाण्याने फुगवला, की ती आपली आपण आत टिकून राहते. तिच्या बाहेरच्या टोकाला दोन लिटरची एक पारदर्शक पिशवी जोडून काकांना घरी पाठवण्यात आले.

त्यानंतर काका बैठकांना येईनासे झाले. विचारले, की म्हणत, "आता कानांना नीट ऐकू येत नाही रे." खरे कारण काकूंनी सांगितले. ती पिशवी लोकांना दिसेल ही लाज त्यांना होती. मे महिना होता. हैदराबादचे ऊन अंगाची काहिली करत होते, आणि काका पाणी कमी पीत होते, कारण पाणी कमी तर पिशवीही कमी भरेल. परिणाम अर्थात उलटा झाला. लघवी दाट झाली, नळीत साका बसला, ताप आला. लाज ही केवळ मनाची अवस्था नसते. ती शरीरावरही चालून येते, हे त्या वेळी प्रथम कळले.

याहून बोलका प्रसंग दवाखान्यात जाताना घडला. रिक्षात बसल्यावर काकांनी पिशवी कापडी झोळीत घातली आणि झोळी मांडीवर घेतली. कोणीही तेच केले असते. लपवायची वस्तू माणूस जवळ घेतो, उचलून धरतो. पण या पिशवीचा नियम नेमका विरुद्ध आहे. ती सदैव मूत्राशयाच्या पातळीखाली राहिली पाहिजे. वर गेली, की निचरा थांबतो आणि नळीतले मूत्र मागे फिरू शकते. उलट प्रवाह रोखणारी झडप पुष्कळ पिशव्यांत असते, तरी नळीत साचलेल्या मूत्रावर तिचा उपाय चालत नाही. लाज सांगत होती 'वर धर' आणि शरीर सांगत होते 'खाली ठेव'. काकांनी लाजेचे ऐकले, आणि त्यात त्यांची चूक होती असे म्हणण्याचे धैर्य मला आजही होत नाही.

मग मी त्यांच्यासाठी पायाला बांधायची पिशवी शोधायला निघालो. कोठीच्या परिसरातील सर्जिकल सामानाच्या दुकानांत ती मिळाली. पाचशे किंवा साडेसातशे मिलिलिटरची ही पिशवी पट्ट्यांनी मांडीला किंवा पोटरीला बांधतात. वरून पायजमा वा लुगडे आले, की ती कोणालाही दिसत नाही. पट्टा घट्ट नको, की रक्त अडेल; सैल नको, की पिशवीच्या भाराने नळी ओढली जाईल. पिशवी पूर्ण भरू द्यायची नाही. निम्मी किंवा फार तर दोन-तृतीयांश भरली, की रिकामी करायची. रात्री तिच्या तोटीला दोन लिटरची मोठी पिशवी जोडायची, म्हणजे झोपमोड होत नाही आणि मूळ जोड उघडावा लागत नाही. जोड शक्यतो न उघडणे याला फार महत्त्व आहे. पूर्वी नळीचे दुसरे टोक खाटेखालच्या उघड्या बाटलीत सोडत आणि संसर्ग जवळजवळ अटळ असे. निचऱ्याची वाट अखंड बंद ठेवली, तर तो पुष्कळ लांबवता येतो, हे कनिन आणि मॅककॉर्मॅक यांनी १९६६ साली दाखवून दिले.

ही सारी माहिती गोळा करून, विजयी मुद्रेने मी काकांपुढे पिशवी ठेवली. काकांनी ती हातात घेऊन पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "नळी घालताना डॉक्टरांनी मला विचारलं होतं. पिशवी मात्र कुणीच विचारली नाही. त्यांनीही नाही आणि तूही नाहीस."

या वाक्याने मी वरमलो. लाज दिसली म्हणून मी ती झाकण्याचे साधन आणले होते. पण काकांचे दुखणे केवळ उघडे पडण्याचे नव्हते. आपल्या देहाविषयीचे निर्णय आपल्याला वगळून होत आहेत, हे त्या दुखण्याचे मूळ होते. प्रेमाने घेतलेला निर्णयही वगळणाराच असू शकतो. आजाऱ्याचे हित आपल्याला कळते, असे आपण गृहीत धरतो, आणि बहुधा ते कळतही असते. प्रश्न कळण्याचा नसतो, विचारण्याचा असतो.

वेदनेचा विचार माणसाने मोठ्या निष्ठेने केला आहे. याच हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली सहाव्या निजामाच्या आश्रयाने, डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने, क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची चौकशी करणारे दोन आयोग बसले होते. त्यांचे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, पण वेदना हा विषय राज्याच्या आणि शास्त्राच्या चिंतेला पात्र ठरला. संकोचाच्या वाट्याला असा आयोग कधी आला नाही. तो ज्याचा त्याने गिळायचा, अशीच रीत राहिली. अपवाद घडतात ते बहुधा नात्यातून. बेंजामिन फ्रँकलिनचा भाऊ जॉन मूतखड्याने हैराण होता. तेव्हाच्या ताठ नळ्यांचा जाच पाहून फ्रँकलिनने १७५२ साली त्याच्यासाठी चांदीची वाकणारी नळी सोनाराकडून घडवून घेतली. त्रास कोणाला होतो आहे हे पाहून वस्तू बदलणे, ही शास्त्राइतकीच नीतीची गोष्ट आहे.

काकांनी अखेर काय निवडले? घरात त्यांनी मोठीच पिशवी ठेवली, पलंगाच्या कडेला, स्टँडवर, न झाकता. फक्त ती जमिनीला टेकणार नाही एवढे पाहिले. "घरच्यांपासून काय लपवायचं?" असे त्यांचे म्हणणे. पायाची पिशवी बाहेर जाण्यापुरती. मला वाटले होते, की ते दिवसभर ती लपणारी पिशवीच वापरतील. तो माझा अंदाज होता, त्यांची इच्छा नव्हे.

पण निवड एवढ्यावर संपली नाही, आणि माझ्या मते प्रश्नाचा अवघड भाग इथेच सुरू होतो. काकांचे हात कापत. तोटी उघडणे त्यांना जमेना. काकूंची बोटे संधिवाताने आखडलेली. मी आणलेल्या पिशवीची तोटी दाबून सरकवावी लागे, ती त्यांना सरकेना. पुन्हा कोठीला जाऊन खटका वळवून उघडणारी तोटी असलेली पिशवी आणली; काकूंनी ती दुकानातच स्वतः उघडून पाहिली. पिशवी ज्याच्या अंगावर आहे तिची निवड त्याची, हे खरे. परंतु जो ती रोज रिकामी करतो त्याच्या बोटांनाही त्यात मत आहे. परावलंबन म्हणजे एकाच्या इच्छेने दुसऱ्याला राबवणे नव्हे. दोघांनी मिळून करायची ती तडजोड आहे.

पुढे काकूंनाही झेपेना, तेव्हा दिवसा एक मदतनीस येऊ लागला. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणी तरी म्हणाले, "बरं झालं, घाण काढायला माणूस मिळाला." काका ताडकन म्हणाले, "तो घाण काढत नाही, माझं काम करतो." त्या दिवसापासून त्याचा चहा घरातल्याच कपात येऊ लागला. आपल्या समाजात मलमूत्र उचलणारा हात जातीने ठरवला गेला, आणि तो हात अस्पृश्य मानला गेला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम स्वतःला मिळावे म्हणून आग्रह धरला आणि तो नाकारला गेल्यावर अन्नत्याग आरंभला, त्यामागे हीच जाणीव होती, की या कामाचा कमीपणा कामात नसून आपल्या नजरेत आहे. आजाऱ्याची प्रतिष्ठा जपायची आणि त्याची पिशवी रिकामी करणाऱ्याची घालवायची, हा व्यवहार प्रतिष्ठेचा नाही. ती फक्त एकाकडून काढून दुसऱ्याला दिलेली लाज आहे.

कोणी विचारील, मग लपवणे चूक की बरोबर? मला वाटते, प्रश्न असा मांडूच नये. वस्त्र नेसणे हेही लपवणेच आहे, आणि त्याला आपण ढोंग म्हणत नाही. आपला देह कोणापुढे किती उघडा करावा हे ठरवण्याचा अधिकार माणसाचा असतो. नळी लागल्याने तो संपत नाही. म्हणून रुग्णालयातून घरी पाठवताना दोन प्रश्न विचारायला हवेत: तुम्ही दिवस कसा घालवता, आणि ही पिशवी कोण रिकामी करणार? पिशवी मोठी की छोटी, नळी आखूड की लांब, तोटी कोणती, हे सारे या दोन उत्तरांतून ठरते. आणि त्याही आधीचा प्रश्न डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारला पाहिजे: नळीची गरज अजून आहे का? कारण नको असलेली नळी काढणे, हा संसर्ग टाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

पावसाळा सुरू झाल्यावर काका बैठकीला आले. पाठच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची त्यांनी धरली. मध्यंतरात पाण्याचा पेला पुढे आला, तेव्हा त्यांनी तो पूर्ण प्यायला आणि आणखी एक मागितला. चर्चा लांबली तेव्हा ते उठले, कानात "येतो पाच मिनिटांत" एवढे सांगून बाहेर गेले, आणि परत येऊन वक्त्याला त्यांनी एक अडचणीचा प्रश्न विचारला. पिशवीविषयी कोणाला काही कळले का, मला ठाऊक नाही. काकांनी तरी मला तसे विचारले नाही.