न दिलेल्या वचनाचे ऋण

कॅनडाच्या स्थलांतर कायद्याच्या बाविसाव्या कलमात एक चमत्कारिक मुभा आहे. तात्पुरत्या मुदतीसाठी येणाऱ्याच्या मनात कायमचे राहण्याची इच्छा असली, तरी तेवढ्यावरून त्याला नाकारता येत नाही. मात्र मुदत संपल्यावर तो देश सोडून जाईल, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. त्यामुळे विद्यार्थी अर्जासोबतच्या पत्रात आपण परत का येणार याची कारणे लिहितो: घरचा व्यवसाय, आईवडील, इकडच्या नोकरीच्या संधी. आणि त्याच आठवड्यात एजंट त्याच्या वडिलांना पीआर, म्हणजे कायम वास्तव्य, किती वर्षांत होईल, ते बोटांवर मोजून दाखवतो. कायद्याला यात काही वावगे दिसत नाही. मला नीतीचा प्रश्न दिसतो तो नेमका इथे. एखाद्याने तोंडाने वचन दिलेले नाही, पण समोरच्याला आशा वाटावी अशी सगळी व्यवस्था स्वतः उभारली आणि त्या आशेवर पैसे व श्रमही घेतले, तर त्याच्यावर काही ऋण चढते का? चढते, असे मला वाटते. पण ते ऋण नेमके कशाचे, हे ठरवले नाही तर हे उत्तर नुसत्या हळहळीपुरतेच उरेल.

आधी व्यवस्था पाहू. कॅनडात किमान आठ महिन्यांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पदवीनंतरचा वर्क परमिट मिळू शकतो. मास्टर्स वगळता, अभ्यासक्रम दोन वर्षांपेक्षा कमी असेल तर साधारण तेवढ्याच मुदतीचा, दोन वर्षांचा किंवा अधिक असेल तर तीन वर्षांचा. परमिट खुला असतो, म्हणजे कोणत्याही मालकाकडे काम करता येते. पण तो आयुष्यात एकदाच मिळतो. आठ महिन्यांच्या सर्टिफिकेटवर तो घेऊन टाकला की नंतर मास्टर्स केले तरी दुसरा नाही. पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर परमिटही त्याच तारखेला तुटतो, आणि उरलेल्या महिन्यांसाठी नवा पासपोर्ट घेऊन पुन्हा अर्ज करावा लागतो. इतकी बारीक कलाकुसर असलेली गोष्ट कोणी सहज म्हणून बांधत नाही. तिच्या पुढची पायरीही सरकारनेच घातली. तिथला कामाचा अनुभव असलेल्यांसाठी २००८ मध्ये कायम वास्तव्याचा स्वतंत्र वर्ग सुरू झाला, आणि २०१५ पासून गुणांवर चालणाऱ्या ‘एक्सप्रेस एंट्री’त तिथल्या नोकरीला आणि पुढे तिथल्या शिक्षणालाही वजन मिळाले. या पायऱ्यांचा पैसा कुठे गेला, तेही नोंदलेले आहे. ऑन्टारिओ प्रांताने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी दहा टक्क्यांनी कमी करून गोठवली. प्रांताच्या महालेखापरीक्षकांच्या २०२१ च्या अहवालानुसार तिथल्या सरकारी कॉलेजांत परदेशी विद्यार्थी सुमारे तीस टक्के होते, पण फीच्या उत्पन्नातला त्यांचा वाटा अडुसष्ट टक्के होता. आणि त्यांतले बहुसंख्य भारतातून आलेले. श्रमाचेही तसेच. मनुष्यबळ कमी पडू लागले तेव्हा, नोव्हेंबर २०२२ पासून एप्रिल २०२४ पर्यंत, शिकता शिकता आठवड्याला वीसच तास काम करण्याची मर्यादा सरकारनेच बाजूला ठेवली होती.

मग वारे फिरले. घरभाडी आकाशाला भिडली, विद्यार्थी-परवानाधारकांची संख्या २०२३ अखेर दहा लाखांवर गेली, आणि जानेवारी २०२४ मध्ये नव्या परवान्यांवर कमाल मर्यादा आली. सरकारी कॉलेजाचा अभ्यासक्रम परवान्याने चालवणाऱ्या खाजगी संस्थांत १५ मे २०२४ पासून प्रवेश घेणाऱ्यांना वर्क परमिट बंद झाला. १ नोव्हेंबर २०२४ पासून भाषेच्या परीक्षेची अट आली: कॅनडाच्या भाषा-मापनात विद्यापीठाच्या पदवीधराला सातवी पातळी, कॉलेजवाल्याला पाचवी. त्याच तारखेपासून बहुतेक कॉलेज अभ्यासक्रमांसाठी विषयांची यादी लागू झाली, आणि मनुष्यबळाची दीर्घकालीन टंचाई असलेल्या क्षेत्रांचेच विषय पात्र ठरले. जून २०२५ मध्ये या यादीतून १७८ विषय वगळले गेले आणि दहा दिवसांच्या आत ते वगळणे पुढे ढकलले गेले. त्या दहा दिवसांत ज्याने कॉलेज बदलायचे ठरवले असेल त्याने काय करावे, याचे उत्तर कुठल्याही परिपत्रकात नसते. दरम्यान, २०२५ साली कायम वास्तव्य देण्याचे लक्ष्य पाच लाखांवरून ३,९५,००० वर आले होते. सरकारच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. विषयांची अट १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी विद्यार्थी-परवान्यासाठी अर्ज केलेल्यांना लावलेली नाही. भाषेची अट मात्र त्या तारखेपासून वर्क परमिट मागणाऱ्या सगळ्यांना लागली, मग त्यांचा अभ्यासक्रम केव्हाही सुरू झालेला असो.

हा भेद किरकोळ नाही. कायद्याचे तत्त्वज्ञ लॉन फुलर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात कायदा कायदा म्हणवण्यासाठी लागणारे जे आठ गुण सांगितले, त्यांत नियम मागच्या तारखेपासून लागू नसावेत आणि ते इतक्या वेगाने बदलू नयेत की माणसाला त्यांच्या आधाराने वागताच येऊ नये, हे दोन आहेत. आपल्याकडे हाच प्रश्न महाभारताच्या विराटपर्वात येतो. अर्जुन ओळखला गेल्यावर दुर्योधन म्हणतो, अज्ञातवासाचे तेरावे वर्ष संपलेले नाही, पांडवांना पुन्हा वनवास. भीष्म अधिक मासांचा हिशेब मांडतात: दर पाच वर्षांत दोन महिने वाढतात, ते धरले तर मुदत उलटून गेली आहे. भीष्म कौरवांच्या सैन्यात उभे आहेत आणि या हिशेबात आपल्याच बाजूचे नुकसान आहे, हे त्यांना कळते. तरी काळ मोजण्याची चालत आलेली रीत ते बदलत नाहीत. अट घालण्याचा अधिकार कोणाला आहे, हा एक प्रश्न. समोरच्याने आपला भाग पुरा केल्यावर मोजपट्टी कोणाच्या हातात असावी, हा दुसरा. पहिल्यात सार्वभौम राज्याला जवळजवळ पूर्ण मोकळीक आहे. दुसऱ्यात ती नाही.

यावर पहिला आक्षेप असा की वचन कोणी दिलेच नव्हते. परवान्याला मुदत असते हे छापलेले असते, आणि सही करणारा सज्ञान असतो. कोणी याच्याही पुढे जाऊन गीतेचा दाखला देईल: कर्म करावे, फळावर डोळा ठेवू नये. गीतेचा उपदेश कर्म करणाऱ्याच्या मनःशांतीसाठी आहे. ज्याने ते कर्म विकत घेतले त्याला हिशेबातून मोकळे करण्यासाठी तो सांगितलेला नाही. मजुरी बुडवणाऱ्या मुकादमाच्या तोंडी निष्काम कर्म शोभत नाही. छापील अक्षरांबद्दल म्हणायचे तर कागदावर ‘तात्पुरते’ आणि गुणतक्त्यात ‘कायम’, असे दोन्ही लिहिणारा हात एकच आहे. सही करणाऱ्याने दोन्ही वाचले आणि दोन्हींवर विश्वास ठेवला, यात त्याचा बावळटपणा नाही. संदिग्धतेचा फायदा ज्याला झाला, तिचा भारही त्यानेच उचलावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घरे अपुरी असतील, तर आपल्यात कोणाला आणि किती जणांना घ्यावे हे ठरवण्याचा अधिकार तिथल्या नागरिकांचा आहे. डेव्हिड मिलर यांच्यासारखे विचारवंत हेच मांडतात आणि मला ते मान्य आहे. मायकेल वॉल्झर यांनी १९८३ मध्ये पाहुण्या कामगारांबद्दल लिहिताना उलट टोक गाठले: ज्यांचे श्रम घेता त्यांना नागरिकत्वाची वाट खुली ठेवा, नाहीतर त्यांना आणूच नका. टोरोंटोत अध्यापन केलेले जोसेफ कॅरेन्स म्हणतात की नुसत्या वास्तव्याच्या काळानेच हक्क वाढत जातो. माझे मत या दोघांच्या अलीकडे थांबते. शिकून, काम करून, पैसे गाठीला बांधून परत येणे यात अन्याय नाही. आपल्याकडच्या पिढ्या आखातात तसेच करून आल्या, आणि आपण तिथले नागरिक होणार नाही हे त्यांना विमानात बसतानाच ठाऊक होते. अन्याय आहे तो नकार द्यायला पाच वर्षे लावण्यात. बाविसाव्या वर्षी मिळालेला नकार माणसाला दुसरीकडे वळू देतो. सत्ताविसाव्या वर्षी, कर्ज फिटत आले असताना आणि इकडची वाट मोडलेली असताना मिळालेला नकार तसे वळू देत नाही. म्हणून ऋण आहे ते पीआरचे नाही. ते वेळेवर दिलेल्या स्पष्ट उत्तराचे आणि मध्येच न बदलणाऱ्या मोजपट्टीचे आहे.

तिसरा आक्षेप टोचणारा आहे: यांतल्या अनेकांना शिक्षण नको होते, परमिट हवा होता, कॉलेज हे निमित्त. काही संस्थांबाबत हे खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या संस्थांना मान्यता प्रांतांनी दिली, परमिटची जोड केंद्राने दिली, आणि ती जोड आहे म्हणूनच स्थानिकांच्या कित्येक पट फी आकारता आली. परमिटसकट लावलेली किंमत मोजणाऱ्याला नंतर ‘तुला परमिटच हवा होता’ म्हणून हिणवणे विक्रेत्याला शोभत नाही. खोटी कागदपत्रे करणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो माझ्या युक्तिवादाच्या बाहेर आहे.

हे ऋण फेडण्याचा मार्ग फारसा अवघड नाही. विद्यार्थी-परवाना ज्या दिवशी मिळाला, त्या दिवसाचे वर्क परमिटचे सगळे नियम, भाषेच्या अटीसह, त्या विद्यार्थ्याला शेवटपर्यंत लागू ठेवावेत. आणि कायम वास्तव्याच्या किती जागा त्या वर्षीच्या तुकडीला मिळू शकतील, तो आकडा फी भरण्याआधी जाहीर करावा. तीस जणांपैकी तिघांनाच राहता येईल, असे कळूनही जो येईल त्याची तक्रार उरणार नाही. सरकारला हे जड का जाते, ते उघड आहे. परदेशी विद्यार्थी घटताच ऑन्टारिओतल्या शेरिडन कॉलेजाने २०२४ च्या अखेरीस चाळीस अभ्यासक्रम थांबवत असल्याचे जाहीर केले. खरा आकडा आधीच सांगितला असता, तर फी भरणारे तेव्हाच कमी आले असते, आणि २०१९ मध्ये गोठवलेल्या फीची तूट प्रांताला आपल्या करदात्यांकडे मागावी लागली असती.